मधल्या कमानीचा फर्मा

हिराचं सामान टेम्पोतून उतरवायला तासभर लागला. तेवढ्या वेळात प्रज्ञेशचं मटण दोनदा खाली लागता लागता वाचलं. तो कपाट धरायला धावत जाई, मग पळत येऊन पातेल्यात पळी फिरवी. त्याची बायको भाचीच्या बाळंतपणाला नगरला गेली होती, त्यामुळे आज स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं आणि बहिणीच्या निवृत्तीचं जेवण आपणच करणार हे त्याने आठवड्याआधीच जाहीर केलं होतं.

हिराने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकोणचाळीस वर्षं काढली. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. आता क्वार्टर सोडावं लागलं म्हणून ती विश्रांतवाडीला बापाच्या घरी राहायला आली होती. तिने कपाटाची जागा टेपने मोजून आधीच ठरवली होती, आणि टेम्पोवाला "ताई, नाय बसणार इथं" म्हणाला तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, "सरकवा तुम्ही." कपाट बसलं. दोन्हीकडे बोट जाईल एवढी जागा राहिली.

"माझी पोरगी," आबा खुर्चीतून टेम्पोवाल्याला म्हणाले. "कारखान्यात हिच्या हाताखालून गेलेला तुकडा परत आला नाही कधी."

पोपटराव रणपिसे, घरातल्या सगळ्यांचे आबा, त्र्याऐंशीचे होते. पाठ अजून ताठ होती, कान मात्र डावीकडचा गेलेला. म्हणून ते नेहमी भिंतीला डावी बाजू लावून बसत.

पानं वाढून झाली तेव्हा दीक्षा आली. केसांत धूळ, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. रविवार असूनही ती सकाळपासून गवळीओढ्याच्या पुलाखाली होती. तिने हात धुतले, आत्याच्या पाया पडली आणि गप्प जेवायला बसली. तिचं हे गप्प बसणं प्रज्ञेशच्या लगेच लक्षात आलं.

"झाला का रिपोर्ट?"

"उद्या द्यायचाय, पप्पा."

"मग? पाडणार ना?"

दीक्षाने एकदा आबांकडे बघितलं. आबा नळी चोखत होते.

"मधली कमान खाली आलीय," ती हळू म्हणाली. "ड्रॉइंगमध्ये आहे त्याच्यापेक्षा दहा सेंटीमीटर. परवा स्कॅन केला, आज परत मोजून आले. ऑफिसातले आमोदसर म्हणतात, एवढं बसलं असेल तर दुरुस्तीत अर्थ नाही. पाडायची शिफारस करायची."

प्रज्ञेशने पळी पातेल्यात ठेवली. "ऐकलंत आबा? दोन वर्षं मी हेच सांगतोय. आठशे सह्या गोळा केल्या मी, तेव्हा तुम्ही मला वेड्यात काढलंत."

आबांनी नळी ताटाच्या कडेला ठेवली, ओठ पुसले.

"खाली आली नाही ती," ते म्हणाले. "आम्ही तशीच बांधली."

*

हा पूल या घरात एका माणसासारखा होता. हिराचं लहानपण त्याच्या गोष्टी ऐकण्यात गेलं. तीन कमानी, काळा दगड, बासष्ट साली काम सुरू, त्रेसष्टच्या पावसाआधी पूर्ण. आबा तेव्हा वीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी सरकारी बांधकामावर चौतीस वर्षं नोकरी केली, धरणं पाहिली, कालवे पाहिले, पण बोलायला लागले की हाच पूल.

आणि आई गेली तेव्हाही हाच पूल होता.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आईच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण चौदा फुटी पुलावर दुधाचा टँकर आणि शाळेची बस समोरासमोर अडकली होती. मागे गाड्यांची रांग लागली, त्यामुळे मागेही येता येईना. दवाखान्यात पोचेपर्यंत आई गेली होती. गाडीत तिच्यापाशी आबा होते. त्यांनी त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि मुलांनी विचारलं नाही. प्रज्ञेशने महिनाभरात कृती समिती काढली. त्याला तो पूल डोळ्यासमोरून नाहीसा व्हायला हवा होता. यंदा सगळ्या जुन्या पुलांच्या तपासणीचा आदेश निघाला, हा पूल वाहतुकीला बंद झाला, आणि तपासणीचं काम नेमकं दीक्षाच्या ऑफिसकडे आलं.

हिरा आजवर भावाच्या बाजूने होती. तिने आठशेपैकी एकशे वीस सह्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून मिळवल्या होत्या.

"आबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "साठ वर्षं झाली. दगड असला तरी थकतो. त्यात तुमचा काही कमीपणा नाही."

"मला समजावू नकोस. पोरीला विचार, किती खाली आहे."

"सांगितलं ना तिने. दहा सेंटीमीटर."

"नीट विचार. तिने मोजलंय ना? मग दहा म्हणजे दहाच का, ते विचार."

दीक्षाने बॅगेतून वही काढली. "एकशे दोन मिलिमीटर. दोनदा तेच आलं. कमानीची उंची ड्रॉइंगमध्ये साडेसात फूट, प्रत्यक्षात सात फूट दोन इंच."

हिराचा घास हातातच राहिला. मिलिमीटर आणि इंच यांच्यात ती सगळं आयुष्य येरझाऱ्या घालत आली होती. हिशोब करायची गरजच नव्हती.

"चार इंच," ती म्हणाली. "चार इंच म्हणजे एकशे एक पूर्णांक सहा. प्रज्ञ्या, हे चार इंच आहेत. बरोबर चार."

"असतील. त्याचं काय?"

"बसणारी वस्तू कधी बरोबर चार इंच बसते का रे? तीन पूर्णांक सात बसेल, साडेचारला सूत कमी बसेल. पूर्ण आकडा आला की समजायचं, तो कुणीतरी ठरवलेला आहे."

"ताई, तू पण?"

"मी कुणाच्या बाजूने बोलत नाहीये. आकड्याबद्दल बोलतेय."

आबा पहिल्यांदा हसले.

*

दीक्षाला सकाळपासून एक गोष्ट खटकत होती आणि सरांच्या उत्तराने तिचं समाधान झालं नव्हतं. कमान मधोमध बसली असती तर खालून बघताना मधल्या दगडांचे सांधे उघडलेले दिसले असते. तिने टॉर्च मारून एकेक सांधा बघितला होता. नखसुद्धा जात नव्हतं. सर म्हणाले होते, "मागे कधीतरी सिमेंट भरलं असेल." पण तिला खाली सिमेंट दिसलं नव्हतं. सिमेंटचा गिलावा होता तो दर्शनी बाजूंना, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी डागडुजीतला. त्याखाली दगड किती उंचीचे, कुणालाच दिसत नव्हतं.

"आबा, पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली आणि वहीचं कोरं पान काढलं.

"जेवून घे आधी."

"जेवते. सांगा तुम्ही."

आबांनी सांगितलं.

पुलावर दगड घडवणारे चाळीस पाथरवट होते आणि त्यांचा मुख्य नागोराव मिस्त्री. आबा आधी चुना दळायच्या घाणीवर मजूर होते. रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकलेले. ओव्हरसियर आप्पासाहेबांनी एकदा त्यांना टेप धरायला बोलावलं, तर आबांनी टेपचं टोक लावायचं सोडून एक फुटाची खूण लावली. आप्पासाहेब ओरडले. आबा म्हणाले, "साहेब, टोक झिजलंय. पहिला इंच खोटा आहे." आप्पासाहेबांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून फर्म्याचं काम आबांकडे आलं.

"फर्मा म्हणजे टेम्पलेट," दीक्षा म्हणाली.

"तुमच्याकडे काय म्हणतात ते म्हणा. ओढ्याकाठी चुन्याचा कोबा केला होता, अंगणाएवढा. त्याच्यावर कमान काढायची. कागदावर काढतात तशी लहान नाही, अख्खी, खऱ्या मापाची. खुंटी ठोकायची, तारेला खिळा बांधायचा आणि फिरवायचा. दोरी नाही चालत. दोरी ताणते, तार ताणत नाही. मग त्या कमानीचे दगड पाडायचे, एका दगडाची आकृती पत्र्यावर उतरवायची आणि पत्रा कापायचा. तो फर्मा. पाथरवटाला आकडा वाचायची गरज नाही. दगडावर फर्मा ठेवला, कडेने गेरूची रेघ मारली, रेघेपर्यंत टाकी चालवली. चाळीस माणसांनी चाळीस ठिकाणी घडवलेले दगड वर जाऊन एकमेकांना बसले पाहिजेत. ते बसतात फक्त फर्म्यामुळे."

"आणि नागोराव?" हिराने विचारलं. गोष्ट तिला माहीत होती, पण दीक्षाने ऐकावी असं तिला वाटलं.

"नागोराव म्हणाला, मी याच्या हातचा फर्मा घेणार नाही." आबांचा आवाज तसाच होता. "आमची वस्ती सहा वर्षांपूर्वीच बौद्ध झाली होती. त्याच्या लेखी काही बदललं नव्हतं. आप्पासाहेब म्हणाले, नको घेऊस, तुझ्या अंदाजाने घडव. त्याने पाच दगड घडवले. चार बसले नाहीत. सहावा त्याने माझ्या फर्म्यावर घडवला. पुढे वर्षभर तो सकाळी आला की आधी मला विचारायचा, पोपटराव, आज कुठला? पोपटराव म्हणायचा. मला तोवर पोपटराव कुणी म्हटलं नव्हतं."

प्रज्ञेश उठून पाणी आणायला गेला. ही गोष्ट त्यानेही लहानपणी ऐकली होती, चौथीत असताना ती वर्गात सांगितलीही होती.

"आता चार इंच," दीक्षा म्हणाली.

"दोन्ही कडेच्या कमानी झाल्या होत्या. रस्त्याची पातळी ठरून गेली होती. मग वरून हुकूम आला की लष्कराच्या जड गाड्या इथून जाणार, मधली कमान मोठी, ती मजबूत करा. आप्पासाहेबांनी दगड चोवीस इंचांचा अठ्ठावीस केला. आता वर रस्ता तर हलवता येत नाही. मग वाढलेले चार इंच गेले कुठे?"

"खाली," दीक्षा म्हणाली. तिच्या पेन्सिलीने तोवर ते कागदावर काढलंही होतं. "कमानीची आतली बाजू चार इंच खाली आली."

"आप्पासाहेबांनी कोब्यावरची जुनी कमान पुसायला लावली आणि नवी काढली. तार मी फिरवली. फर्मे नवे झाले. ऑफिसातला नकाशा कुणी बदलला नसेल. पाऊस तोंडावर आला होता, नकाशा कोण बदलतो!"

दीक्षाने पेन्सिल ठेवली. तिला सगळं पटलं होतं आणि तीच अडचण होती. "आबा, हे मी रिपोर्टमध्ये कसं लिहू? माझे आजोबा म्हणाले, असं?"

"फर्मा दाखव," आबा म्हणाले.

"फर्मा?" प्रज्ञेश दारातून म्हणाला. "तो पत्रा? आई गॅसच्या मागे लावायची, तेल उडू नये म्हणून? ओटा नवा केला तेव्हा भंगारात दिला मी तो."

आबांचा चेहरा उतरला. पोरगा काय टाकतो आणि काय ठेवतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

हिरा उठली. "दिला होतास," ती म्हणाली. "मी भंगारवाल्याकडून परत आणला. एकोणचाळीस वर्षं मी मापाचा गेज धरून वस्तू तपासल्या, प्रज्ञ्या. बापाचा गेज मी भंगारात जाऊ देईन?"

पलंगाच्या फळ्यांमध्ये, जुन्या चादरीत गुंडाळून, तो सकाळीच टेम्पोतून आला होता. वर थोडा रुंद, खाली थोडा अरुंद, दोन ठिकाणी गंजून भोकं पडलेला. वरच्या कोपऱ्यात खिळ्याने कोरलं होतं: म. क. आणि त्याखाली २८.

"मधली कमान," आबा म्हणाले. त्यांनी पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडा अजून सरळ होत्या.

*

आमोद सहस्रबुद्धे कर्वेनगरहून यायला निघाले तेव्हा चार वाजले होते. फोनवर त्यांनी दीक्षाचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "आजोबांच्या आठवणीवर पूल उभा राहत नसतो, दीक्षा." थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "गिलावा दोन ठिकाणी फोडून बघायला हरकत नाही. एक कडेच्या कमानीवर, एक मधल्या. येतो मी. रविवार तसाही वायाच गेलाय."

मे महिना होता. ओढ्यात पाण्याची जेमतेम एक धार. पोलिसांचे लोखंडी अडथळे ओलांडून सगळे खाली उतरले. आबांना उतरवायला हिरा आणि दीक्षा दोन्हीकडून होत्या. आबांनी मधल्या कमानीखाली उभं राहून वर बघितलं नाही. इतक्या वर्षांत एखादा आकडा मनातल्या मनात सरकला असेल तर? नवी कमान कोब्यावर खरोखर काढली होती की नुसतं ठरलं होतं? काठी वाळूत रोवून उभे राहिले.

प्रज्ञेश सगळ्यात शेवटी उतरला. मी येतच नाही असं तो म्हणाला होता, पण शिडी घरात त्याचीच होती.

आमोदसर साठीला टेकलेले, उन्हाची टोपी घातलेले, बोलायला तुटक. त्यांनी आबांना नमस्कार केला. "आपण काम केलंय या पुलावर?"

"फर्मे केले."

"बरं. बघू या."

आधी कडेची कमान. शिडीवर चढून दीक्षाने छिन्नी-हातोडीने वीतभर रुंद पट्टा फोडला. गिलावा पापुद्र्यासारखा निघाला आणि आत काळा दगड दिसला, टाकीच्या बारीक खुणांसकट. तिने टेप लावला. एक फुटाच्या खुणेपासून.

"चोवीस इंच," ती म्हणाली.

"ड्रॉइंगप्रमाणे," आमोदसर म्हणाले. "आता तिकडे."

शिडी हलवली. मधल्या कमानीचा खांबाजवळचा भाग थोडा उंच होता आणि वाळू सरकत होती. शिडी धरायला प्रज्ञेश पुढे झाला. दीक्षाने फोडायला सुरुवात केली. इथे गिलावा जाड निघाला. अर्धा तास गेला. अठरा इंच मोकळे झाले, वीस झाले, चोवीस झाले. चोवीसवर सांधा नव्हता. दगड पुढेही चालूच होता.

हिराने आबांचा दंड धरला.

"सत्तावीस," वरून दीक्षाचा आवाज आला. मग ती थांबली. "अठ्ठावीस. इथे सांधा आहे, सर."

आमोदसरांनी तिला खाली बोलावलं, स्वतः चढले आणि स्वतःच्या टेपने मोजलं. उतरल्यावर टोपी काढून कपाळ पुसलं. "एक दगड अठ्ठावीसचा निघाला म्हणून सगळी कमान अठ्ठावीसची असं मी लिहिणार नाही. असाच एखादा मोठा लागला असेल."

"म्हणून तर फर्मा आणलाय," आबा म्हणाले. "उंची जुळणं सोपं आहे. वरची रुंदी, खालची रुंदी आणि दोन्ही बाजूंचा उतार, सगळं जुळलं तर तो दगड या पत्र्यावर घडलाय. आणि या पत्र्यावर एक दगड कुणी घडवत नाही. नव्वद घडवतात. प्रज्ञेश, तू उंच आहेस. तू धर."

प्रज्ञेशने आजूबाजूला बघितलं. हिराने चादर सोडून फर्मा त्याच्या हातात दिला होता.

*

प्रज्ञेश शिडी चढला. पत्रा त्याला वाटला होता त्याहून हलका होता. दीक्षाने शेजारच्या दोन्ही सांध्यांपर्यंत गिलावा काढून ठेवला होता, त्यामुळे सबंध दगड उघडा होता.

"खालची कड आधी बसव," आबा खालून म्हणाले. "मग वर सरकू दे. दाबू नकोस. बसायचा तर आपोआप बसेल."

त्याने खालची कड लावली. त्याला मनातून हवं होतं की हा पत्रा बसू नये. एक बाजू बाहेर निघावी, कोपरा उचलला जावा. मग उद्या शिफारस जाईल, पावसाळ्यानंतर यंत्रं येतील, आणि आईची गाडी अडकली होती त्या पुलाच्या कठड्यापाशी पुन्हा कधी थांबावं लागणार नाही.

डावी कड सांध्यावर आली. उजवी कड सांध्यावर आली. वरच्या कडेने त्याने बोट फिरवलं. गिलाव्याचा एक खडा आड येत होता, तो त्याने नखाने काढला. पत्रा दगडाला टेकला. दगड आणि पत्रा यांच्यात कुठेही सूतभरसुद्धा अंतर राहिलं नाही.

तो तसाच धरून उभा राहिला.

"पप्पा?" दीक्षाने विचारलं.

"बसला," तो म्हणाला. मग मोठ्याने, खाली सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आबा, बसला."

आमोदसरांनी फोटो काढले, चारही बाजूंनी. नंतर दीक्षाला म्हणाले, "पाडण्याची शिफारस उद्या जाणार नाही. लिही, की मूळ नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक असल्याचा पुरावा मिळाला. तीन ठिकाणी ड्रिल करून जाडी तपासू, मग भारचाचणी. तोवर बंदच ठेवायचा." थोडं थांबून ते आबांकडे वळले. "आपलं पूर्ण नाव सांगाल? रिपोर्टात माहिती देणाऱ्याचं नाव लागतं."

"पोपट सावळाराम रणपिसे."

"हुद्दा?"

आबांनी विचार केला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना मिळालेला शेवटचा हुद्दा वर्क असिस्टंट होता. "फर्मेवाला लिहा," ते म्हणाले.

आमोदसरांनी दीक्षाकडे बघितलं. "लिही की मग. वाट कसली बघतेस?"

*

चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. तिन्ही ठिकाणी जाडी अठ्ठावीस इंच निघाली. वाळूने भरलेले डंपर पुलावर उभे केले, कमान किती दबते ते चोवीस तास मोजलं, आणि ते उतरल्यावर कमान होती तिथे परत आली. दीक्षाने घरी येऊन आकडा सांगितला तेव्हा हिराने तो दोनदा विचारून घेतला आणि मग शिरा करायला घेतला.

प्रज्ञेश त्या संध्याकाळी शिऱ्याची वाटी घेऊन आबांसमोर बसला. पुढ्यात कागद होता. समितीच्या लोकांना त्याने दुपारीच सांगितलं होतं की पाडण्याची मागणी मागे घ्यायची. दोघं-तिघं चिडले होते. एकाने विचारलं होतं, बापासाठी माघार घेतोस का? त्यावर तो म्हणाला होता, "बापासाठी घेतली असती तर दोन वर्षांपूर्वीच घेतली असती. पूल चांगला आहे हे मी स्वतः हाताने बघितलंय."

"आबा, एक विचारायचं होतं."

आबांनी उजवा कान पुढे केला.

"पूल पाडणार नाही, ठीक. पण तो चौदा फुटीच आहे. उद्या परत कुणाची गाडी अडकेल. मी नवा अर्ज करतोय. शेजारी दुसरा पूल बांधा म्हणून. तुम्हाला चालेल ना?"

आबा त्याच्याकडे बघत राहिले. "तुला काय वाटलं, मला चालणार नाही?"

"तुमचा पूल आहे. त्याच्याबद्दल तुम्ही कधी एक शब्द वाकडा ऐकून घेतला नाही."

"कमान खाली आली म्हणालात, ते ऐकून घेतलं नाही. कारण ते खोटं होतं." आबांनी वाटी बाजूला ठेवली. "अरुंद आहे हे खरं आहे. आम्ही बांधला तेव्हा दिवसाला वीस बैलगाड्या आणि चार ट्रक जायचे. आता किती जातात ते तू मोज आणि लिही. दुसरा पूल मी स्वतः मागितला असता. तू विचारलं नाहीस."

हिरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वाच काय लिहिलंस ते," आबा म्हणाले.

प्रज्ञेशने कागद उचलला. "सदर पुलाची रुंदी अपुरी असल्याने रुग्णवाहिका अडकतात. माझी आई श्रीमती सोनाबाई पोपट रणपिसे यांना दोन वर्षांपूर्वी नेत असताना रुग्णवाहिका पुलावर बराच वेळ थांबून राहिली व त्यामुळे..."

"बराच वेळ नाही."

प्रज्ञेश थांबला.

"बेचाळीस मिनिटं," आबा म्हणाले. "गाडी पुलावर आली तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. सुटली तेव्हा नऊ त्रेपन्न. तिचा हात माझ्या हातात होता, मी दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होतो. दुसरं काय करणार होतो मी? मी खाली उतरून टँकरवाल्याला सांगितलं, बाबा मागे घे. त्याला घेता येत नव्हता. मी परत येऊन बसलो. तिने विचारलं, कुठं आहोत? मी म्हणालो, पुलावर. ती म्हणाली, तुमच्या? मी हो म्हणालो." ते थांबले. "मग ती बोलली नाही. तेव्हा साडेनऊ झाले होते."

हिरा आत येऊन आबांच्या उजव्या बाजूला बसली.

मग आबांनी बोट कागदावर ठेवलं.

"लिही. बेचाळीस. पूल मागायचा तर माप बरोबर पाहिजे."

प्रज्ञेशने ‘बराच वेळ’ खोडला आणि वर लिहिलं, बेचाळीस मिनिटे. त्याला अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून त्याने पुन्हा एकदा, स्वच्छ अक्षरात, सबंध वाक्य खाली उतरवून काढलं.